लेकीची वही

तासगाव तालुक्यातल्या एका गावात एक द्राक्षबागायतदार राहत होता. दोन एकर तास-ए-गणेशची बाग, एक विहीर, एक बोअर आणि बांधाला लागून बेदाण्याचं शेड. दर बरा मिळाला तर द्राक्षं पेटीत भरून बाजारात जायची. दर पडला की शेडवर जाऊन त्यांचा बेदाणा व्हायचा. घरात बायको, थोरली लेक आणि धाकटा मुलगा. लेकीला गाव हुशार म्हणायचं. बाप म्हणायचा, हुशार पुष्कळ असतात, हिला वेलीकडं बघता येतं. पानावर तेलकट डाग उमटला की दावण्या आला, हे ती शाळेत असल्यापासून बापाच्या आधी ओळखायची.

कृषी पदवी झाल्यावर ती पुढं शिकायला जर्मनीला गेली. ऱ्हाइन नदीच्या काठी गायझेनहाइम नावाचं छोटं गाव आहे. १८७२ पासून तिथं द्राक्षशेतीचं शिक्षण आणि संशोधन चालतं. व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच बँकेत अडकवून ठेवावे लागतात, म्हणजे आपले दहा लाखांहून जास्त. बापानं हंगामाचा सगळा बेदाणा विकला, उरलेल्यासाठी कर्ज काढलं आणि लेकीला विमानात बसवलं.

ऑक्टोबरात ती तिथल्या उतारावर रीसलिंगचे घड कापत होती, तेव्हा इकडं बाप फळछाटणी घेत होता. तिकडं वेल वर्षातून एकदा छाटतात, कारण हिवाळ्यात ती झोपते. आपल्याकडं ती झोपत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, अशा दोन कराव्या लागतात. रोज संध्याकाळी बाप-लेकीचं हेच बोलणं चालायचं. किती डोळ्यांवर काडी राखली, पेस्ट कधी लावली, फूट कशी निघाली. जानेवारीत ती हातमोजे घालून उघड्या वेलींची छाटणी शिकत होती आणि इकडं मण्यात पाणी उतरत होतं.

त्याच जानेवारीत बापाच्या पायांवर सूज आली. मग दम लागायला लागला. पंधरा वर्षांची साखर होती, जोडीला रक्तदाब. दोन्ही गोष्टी गोळ्यांवर आहेत म्हणून घरानं फार मनावर घेतल्या नव्हत्या. मिरजेला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा आकडा दाखवला आणि सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत, डायलिसिस करावं लागेल. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास.

त्या रात्री घरात बैठक बसली. मामा आले, आत्या आली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं, की लेकीला सांगायचं नाही. तिची परीक्षा आहे. ती एकटी आहे. परक्या देशात तिला जवळ घ्यायला कोण आहे? बापानंही मान हलवली. तिला सांगायचं ठरलं ते एवढंच, की जरा अशक्तपणा आहे.

मला त्या बैठकीतल्या एकाही माणसाला वाईट म्हणता येणार नाही. आपल्याकडं घरोघरी असंच होतं. लेकराच्या ताटात दुःख वाढायचं नाही, ही आपली रीतच आहे. पण ती रीत लेकरू अंगणात खेळत असतानाची आहे. चोवीस वर्षांची लेक सहा-सात हजार किलोमीटरवर बसून रोज घरचे चेहरे वाचत असते, हे त्या बैठकीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

डायलिसिससाठी बापाच्या डाव्या हाताला फिस्टुला केला. मनगटाजवळ एक रोहिणी आणि एक नीला जोडतात. मग काही आठवड्यांत नीला फुगते, जाड होते आणि तिच्यात सुया घालता येतात. त्या हाताला पुढं रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, त्यातून तपासणीचं रक्त काढायचं नाही आणि त्यानं जड उचलायचं नाही. बाप फोनवर बोलायला बसला की मुलगा मोबाईल असा धरायचा की डावा हात दिसू नये.

एप्रिल उजाडला. तासगावात ऊन रणरणत होतं आणि बाप व्हिडिओवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बाहीचं बटन लावून बसला होता. लेकीनं विचारलं, "आप्पा, एवढ्या उन्हात फुल शर्ट?"

"डास लई झालेत," बाप म्हणाला.

लेक काही बोलली नाही. फोन ठेवला आणि भावाला वेगळा लावला. "आप्पांचा डावा हात मला दाखव."

भाऊ एकोणीस वर्षांचा. तीन महिने त्यानं दम धरला होता. तो रडायलाच लागला.

लेकीनं पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?"

आजाराची बातमी कळली तेव्हा ती घाबरली, पण त्याहून खोल घाव दुसराच होता. त्या तीन महिन्यांतला प्रत्येक फोन तिला पुन्हा ऐकू यायला लागला. आप्पा जेवले म्हणाले, ते खरंच जेवले होते का? आई दळणाला गेली म्हणाले, तेव्हा आई दवाखान्यात होती का? आता घरचे "बरं आहे" म्हणाले की तिला धडकी भरायची, आणि फोन उचलला नाही की त्याहून मोठी. वर्गात तिचं लक्ष लागेना. रात्री अडीच वाजता उठून ती मोबाईल बघायची, कारण तासगावात तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असत. परीक्षा जपायची म्हणून जे लपवलं होतं, त्यानं परीक्षेचा महिना मातीत गेला.

तिनं तिकिटाचे दर बघितले आणि घरी फोन लावला. "मी येते. शिक्षण राहू दे. माझी किडनी द्या आप्पांना."

बाप गप्प बसला. आईनं फोन हातात घेतला. ही बाई चौथीपर्यंत शिकलेली, पण घराचा सगळा व्यवहार तिच्या बोटांवर असायचा.

"ये," आई म्हणाली. "घर तुझंच हाय. पण येऊन काय करशील ते सांग. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुझा भाऊ मिरजेला नेतो-आणतो. खाणंपिणं मी बघते. बाग तुझे मामा बघतात. रडायचं म्हणशील तर त्याला इथं माणसं पुष्कळ हायेत. वही लिहायला कोण न्हाई."

"कसली वही?"

आईनं मग सांगितलं. दवाखान्याचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले असतात. डॉक्टर विचारतात, मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन किती होतं, रक्तदाबाची गोळी कधी बदलली, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतो. योजनेचे कागद कधी द्यायचे ते ध्यानात राहत नाही. भाऊ थकतो. मला इंग्रजी वाचता येत नाही. "दुखणं काय वाटून घेता येत न्हाई बाई, ज्याचं त्यालाच. पण त्याचं काम वाटून घेता येतं. एवढं एक काम तू घे."

लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घेते. पण माझं एक ऐकायचं. मला सगळं खरं सांगायचं. चांगलं असलं तरी आणि वाईट असलं तरी, त्याच दिवशी. आप्पा, तुम्ही पण."

बापाला ते जड गेलं. पण तो "बरं" म्हणाला, आणि त्यानं बाहीचं बटन सोडलं.

अशी ती वही सुरू झाली. भाऊ डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन, रक्तदाब आणि नवीन रिपोर्टचा फोटो पाठवायचा. लेक ते तारखेनुसार लिहायची. किडनी काम करत नसली की शरीरात पाणी साठतं, ते डायलिसिसनं काढतात. म्हणून दोन वेळांच्या मध्ये वजन किती वाढलं यावर डॉक्टरांची नजर असते. बापाला दिवसाला साधारण एक लिटर पाण्याची मुभा होती, आणि त्यात चहा, ताक, आमटीचं पातळ सगळं आलं. तो एका बाटलीत माप भरून घ्यायचा आणि म्हणायचा, "मला आता ठिबक लावलंय." भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. किडनी थांबलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. बेदाण्यात ते भरपूर असतं. ज्या बेदाण्यावर घर उभं राहिलं, लेक परदेशी गेली, त्याचा एक दाणाही तोंडात टाकताना बापाला आता विचार करावा लागत होता. याबद्दल तो कधी काही बोलला नाही. शेडवर जाऊन माल मात्र बघायचा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसत होता. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राचा नंबर लेकीनं भावाकडून घेतला, कोणते कागद लागतात ते विचारून घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढं एकदाही कागदासाठी हेलपाटा पडला नाही.

दोन महिने वही लिहिल्यावर तिला एक गोष्ट दिसली. बुधवारी आणि शुक्रवारी बापाचं वजन बेताचं वाढलेलं असायचं, सोमवारी मात्र फार. शनिवार-रविवार मध्ये जातात, एक दिवस जास्तीचा मिळतो, म्हणून सोमवारी थोडं जास्त येणारच. पण इतकं? त्यातच महिन्याच्या तपासणीत पोटॅशियम वर गेलं. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? आई शपथेवर सांगत होती, काहीच नाही.

लेकीनं भावाला सांगितलं, "या रविवारी घरात कोण कोण येतं आणि काय घेऊन येतं, तेवढं लिही. आप्पांना काही म्हणू नको."

त्या रविवारी बाराजण आले. रविवार म्हणजे पाहुण्यांना सवड. कोणी शहाळी आणली, कोणी मोसंबी, कोणी केळी. प्रत्येकाबरोबर अर्धा कप चहा झाला, कारण आलेल्या माणसाला एकट्याला चहा प्यायला लावायचा नाही, असा बापाचा आयुष्यभराचा नेम. शहाळं तर समोर बसून फोडून द्यायचे. "पाणी हाय नुसतं, आप्पा, ताकद येईल." आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायचं, हे किती जणांच्या हाडात भिनलं आहे! एरवी त्यात काही वावगं नाही. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनीच्या रोग्याला ते घातक ठरू शकतं. बारा माणसं मायेनं आली होती आणि त्या मायेनंच माणसाचा जीव धोक्यात येत होता.

घरात राहणाऱ्या तिघांना ते दिसलं नाही, कारण ते सगळे त्या चहाच्या कपांमध्येच होते. लांब बसलेल्या लेकीला दिसलं, कारण तिच्यापुढं फक्त आकडे होते.

आईनं सोप्याच्या दारावर भावाकडून पुठ्ठा लिहून लावला: "भेटायला जरूर या. शहाळी, फळं आणू नका. चहाचा आग्रह करू नका." आधी भावकीला राग आला. मग एकानं विचारलं, मग आणायचं तरी काय? आई म्हणाली, "शुक्रवारी गाडी आणा. पोराला कॉलेज असतंय." त्या आठवड्यापासून शुक्रवारच्या मिरजेच्या फेऱ्या भावकीनं वाटून घेतल्या, आणि मुलाचं बुडालेलं कॉलेज निदान एका दिवसापुरतं वाचलं.

तिकडं गायझेनहाइमला लेकीनंही एक अवघड गोष्ट केली. तिनं आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी कार्यालयाला घरची परिस्थिती सांगितली. आपल्या मुलांना हे फार जड जातं. घरचं दुखणं परक्यांपुढं कशाला, असं वाटतं. दयेची भीक मागितल्यासारखं वाटतं. पण जर्मनीतल्या विद्यापीठांत घरच्या माणसाच्या गंभीर आजारासाठी सहामाहीची रजा मागता येते, तिला मुदत असते, अर्ज असतो, आणि जो विचारतो त्यालाच ते कळतं. राहण्याच्या परवान्याचा नियमही तिनं नीट समजून घेतला. परवानगी न घेता सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर परवाना जातो. हेही तिनं वहीत लिहिलं, शेवटच्या पानावर. विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशकाकडंही ती जायला लागली, आणि तिथं तिला पहिल्यांदा कोणासमोर तरी मोकळेपणी रडता आलं. आईसमोर ती रडत नव्हती.

ऑगस्टमध्ये बापाच्या छातीत पाणी झालं. रात्री एक वाजता मिरजेला नेलं, तातडीनं डायलिसिस केलं. भावानं गाडीत बसता बसता ताईला फोन लावला. आधी ठरलं होतं तसंच, काही न गाळता सांगितलं. लेकीनं वही उघडली, गोळ्यांची यादी आणि मागचे रिपोर्ट मोबाईलवर पाठवले, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना माणूस पोचायच्या आधी सगळं कळलं. मग तिनं तिकीट काढलं. या वेळी तिला कोणी ये म्हणालं नव्हतं, नको म्हणालं नव्हतं. सगळं माहीत होतं म्हणून कधी निघायचं हे तिला स्वतःला ठरवता आलं.

तिनं हिवाळी सहामाहीची रजा घेतली आणि फळछाटणी ते पाणी उतरेपर्यंत घरी राहिली. बागेत सकाळी तिच्यासोबत बाप यायचा, खुर्ची टाकून बसायचा आणि उजव्या हातानं काडी दाखवायचा. किडनीचा विषय तिनं पुन्हा काढला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात लेक जवळची नातेवाईक धरली जाते, तिला देता येते. आई द्यायला तयार होती, पण तिचा रक्तदाब आडवा आला. बाप लेकीची किडनी घ्यायला तयार झाला नाही. यावरून दोघांत खडाजंगी झाली, आठवडाभर अबोला राहिला. तो वाद आजही मिटलेला नाही. बापाचं नाव पुण्याच्या प्रतीक्षायादीत घातलं आहे, आणि लेक दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारते.

जायच्या आधी तिनं भावाला वही लिहायला शिकवलं. कोणता आकडा लाल शाईनं लिहायचा, कोणता विचारल्याशिवाय सोडायचा नाही. आता दोन वह्या आहेत, एक तासगावात आणि एक गायझेनहाइमला, आणि रविवारी बहीण-भाऊ त्या ताडून बघतात. परवान्याची मुदत संपायच्या आत ती परत गेली. बाप तिला विमानतळावर सोडायला येऊ शकला नाही. तो शुक्रवार होता. मशीनवर बसूनच तो तिच्याशी बोलला आणि सुया टोचलेला हात त्यानं स्वतःहून तिला दाखवला.

मे महिन्यात शेजारचा बागायतदार संध्याकाळी येऊन बसला. त्याचा मुलगा मेलबर्नला शिकतो. बायकोच्या छातीत गाठ निघाली होती, तपासणीचा रिपोर्ट आला होता, उपचार सुरू व्हायचे होते. पोराला काय सांगायचं, हे विचारायला तो आला होता.

"जूनमध्ये पेपर हायेत त्याचे," शेजारी म्हणाला. "सांगून तो तिथनं काय करणार?"

"ते त्याला इचार की," बाप म्हणाला.

"रडंल."

"रडंल. मग इचारंल, कधीपासून. तेव्हा तारीख खरी सांग. रिपोर्ट बघून सांग, मनानं काय जोडू नको. आणि त्याला एक काम दे. कुठलं ते तुम्ही दोघं ठरवा."

शेजाऱ्यानं घड्याळात बघितलं. सहा वाजले होते. मेलबर्नला साडेदहा. पोरगं अजून जागं असेल. त्यानं खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला, चष्मा लावून वरची तारीख वाचली आणि फोन लावला.